कोंबडीचा गळा फुगला, म्हणून सुरी कशाला?

मिरगाची पेरणी होऊन पंधरवडा झाला होता. सोनवीच्या पलीकडच्या एका वाडीवरची आजी कापडी पिशवीत गावठी कोंबडी घेऊन भर पावसात माझ्या पडवीत येऊन उभी राहिली. नोकरीतून निवृत्त झालो तरी लोकांच्या लेखी मी अजून गुरांचा डॉक्टरच आहे. आजी म्हणाली, "हिचा गला बगा जरा. काल सकालपासना हा असाच हाय. दाना घातला तर टोचत पन नाय. सून म्हनते, सुरी लावू नि मोकली होऊ."

कोंबडी मांडीवर घेतली. गळ्याखाली हात लावला तर भिजवलेल्या कणकेच्या घट्ट गोळ्यासारखे काहीतरी हाताला लागले. बोटाने दाबल्यावर खड्डा पडत होता आणि आत काड्या-काड्या जाणवत होत्या. मी विचारले, "आजी, कोंबड्या कोंडून ठेवल्या होत्या काय?" शेजाऱ्यांच्या पेरलेल्या भाताला तोंड लावतात म्हणून भांडण झाले होते. त्यामुळे पंधरा दिवस सगळ्या झापाखाली होत्या, आणि खाली अंथरायला पेंढा. दुखण्याचे निदान इथेच झाले. कोंडलेली कोंबडी कंटाळ्याने आणि भुकेने पेंढा ओढून खाते. लांब काड्यांचा गुंता होतो आणि तो पुढे सरकत नाही.

त्या कोंबडीचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी मला जे म्हणायचे आहे ते म्हणतो. आपल्या भागात गाईला ताप आला तर डॉक्टर शोधतात, बैल लंगडला तर देवरुखापर्यंत धावतात. कोंबडी मात्र मान टाकून बसली की घरात एकच औषध ठाऊक असते, ते म्हणजे सुरी. हे मला चुकीचे वाटते. कोंबडीच्या ममतेपोटी मी हे म्हणत नाही. कोंबडी खाण्यासाठीच पाळतात, यात लपवण्यासारखे काही नाही. पण न ओळखलेल्या दुखण्यावर सुरी चालवण्यात तिहेरी नुकसान आहे. बरी होऊ शकणारी कोंबडी जाते, आजारी पक्षी ताटात येतो आणि दुखणे साथीचे असेल तर ते उरलेल्या कोंबड्यांत राहतेच.

ही थैली काय करते?

कोंबडीला दात नाहीत. टिपलेला दाणा ती तसाच गिळते. तो अन्ननलिकेतून उतरून प्रथम एका पातळ, ताणणाऱ्या थैलीत साठतो. ही थैली गळ्याच्या खाली, छातीच्या वरच्या टोकाला, कोंबडीच्या उजव्या अंगाला असते. इंग्रजीत तिला क्रॉप म्हणतात, शाळेच्या पुस्तकात अन्नपुट. आपण साधी दाण्याची थैली म्हणू. इथे दाणा भिजतो, मऊ होतो आणि थोडा थोडा पुढे जठरात जातो. त्यानंतर येतो तो पेटा, म्हणजे मटणवाला कलेजीबरोबर देतो तो जाड स्नायूचा गोळा. पेटा म्हणजे कोंबडीचे जाते. त्यात तिने टिपलेले बारीक कठीण खडे असतात आणि त्या खड्यांवर दाणा दळला जातो.

कोंबडी संध्याकाळी खुराड्यात शिरण्यापूर्वी थैली भरून घेते, ती तिची रात्रीची शिदोरी. म्हणून संध्याकाळी गळा फुगलेला दिसला तर ते दुखणे नव्हे. रात्रभरात ही शिदोरी संपते आणि पहाटे थैली रिकामी, चपटी लागते. सगळी परीक्षा या एका गोष्टीवर आहे. दुपारी चरून आलेल्या कोंबडीचा गळा बघून घाबरणारे जसे मी पाहिले आहेत, तसे सकाळी दाणा न घेणाऱ्या कोंबडीच्या गळ्याला हातही न लावणारेही पाहिले आहेत.

सकाळची परीक्षा

शंका आली तर त्या कोंबडीला संध्याकाळी वेगळ्या डालग्याखाली ठेवा. खाली पेंढा नको, जुने गोणपाट चालेल. दाणा ठेवू नका, स्वच्छ पाणी ठेवा. सकाळी काहीही खायला घालण्यापूर्वी थैलीवर अलगद बोटे ठेवा. थैली चपटी लागली तर थैलीचे दुखणे नाही, कारण दुसरीकडे शोधा. भरलेली लागली तर ती कशी भरली आहे ते पाहा.

थैली घट्ट, कणकेसारखी किंवा त्याहून कठीण लागली तर ती गच्च बसली आहे. लांब गवत, पेंढा, सुतळी, काथ्या, नायलॉनचा दोरा, फणसाच्या गऱ्यांमधले चिवट धागे, प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा, यांपैकी काहीतरी आत अडकलेले असते. लग्नाच्या मांडवामागे किंवा मासळी साफ करण्याच्या जागी चरणाऱ्या कोंबड्यांत हे हमखास दिसते.

थैली पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी लिबलिबीत लागली आणि चोचीजवळ नाक नेल्यावर आंबूस घाण वास आला, तर ती आंबली आहे. साठलेले अन्न कुजते आणि त्यात कँडिडा नावाची बुरशी माजते. हीच जात माणसाच्या तान्ह्या बाळाच्या जिभेवर पांढरा थर आणते. बुरसलेली कणी, दोन दिवसांचा शिळा भात, उन्हात पडलेले घाण पाणी ही त्याची नेहमीची कारणे. फार दिवस प्रतिजैविके पाजलेल्या कोंबडीतही हे होते, कारण बुरशीला आवर घालणारे चांगले जंतू औषधाने मरतात.

तिसरा प्रकार म्हणजे थैली लोंबते आणि कोंबडी चालताना ती पिशवीसारखी हलते. एकदा गच्च बसून फार ताणली गेलेली थैली पुन्हा आक्रसत नाही. काही कोंबड्यांत ही कमजोरी जन्मजातही असते.

माझ्या हातून झालेली चूक

आंबलेल्या थैलीवर पूर्वी एक उपाय सर्रास सांगितला जायचा. कोंबडी उलटी धरायची, गळा वरून खाली दाबायचा आणि आतले पाणी चोचीवाटे काढायचे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही ते करीत असे. एका घरी खळ्यात दहा माणसे जमली होती, आणि मी मोठ्या ऐटीत कोंबडी उलटी धरली. काळपट पाणी भळाभळा आले. लोक "वा डॉक्टर" म्हणेपर्यंत कोंबडीने दोन आचके दिले आणि माझ्या हातातच ती मेली. घरची बाई काही बोलली नाही. तिने कोंबडी माझ्या हातातून काढून घेतली आणि आत गेली. ती कोंबडी खुडूक झाली होती आणि तिच्याखाली अंडी ठेवायची होती, हे मला नंतर कळले.

झाले असे की, कोंबडीच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या बुडाशीच उघडे असते. उलटे पाणी आले की ते सरळ फुप्फुसात उतरते. त्या दिवसापासून मी हा उपाय सोडला आणि भेटेल त्याला सोडायला सांगतो. कोणी कितीही खात्रीने सांगितले, मोबाईलवर चित्रफीत दाखवली, तरी घरी कोंबडी उलटी धरून ओकवू नका. जबरदस्तीने चोच उघडून वाटीभर पाणी ओतणेही तितकेच घातक.

मग घरी करावे काय?

गच्च थैलीचा पहिला दिवस असेल आणि कोंबडी डोळे उघडे ठेवून उभी असेल, तर घरी प्रयत्न करायला हरकत नाही. दाणा बंद ठेवा, पण चोवीस तासांपेक्षा अधिक उपाशी ठेवू नका. कोमट पाणी आणि अर्धा चमचा खोबरेल तेल ड्रॉपरने चोचीच्या कडेला थेंब थेंब लावा. ती स्वतः गिळेल तेवढेच द्या. दहा मिनिटे थांबा. मग थैली बोटांनी हलक्या हाताने चोळा, कणीक सैल करतो तशी, आतला गुंता सुटेल अशी. वर, म्हणजे चोचीकडे, ढकलू नका. दिवसातून चार-पाच वेळा, दरवेळी पाचेक मिनिटे असे करा. सैल पडू लागली की मऊ भाताची पेज, पाण्यात भिजवलेले कोंबडीखाद्य किंवा उकडलेले अंडे कुस्करून, थोडे थोडे द्या. गवत, भाजीचे देठ आणि अख्खे धान्य चार दिवस नको.

दुसऱ्या सकाळीही थैली तशीच असेल तर डॉक्टरकडे न्या. जागा बधिर करून, थैलीला छोटा छेद देऊन अडकलेले काढता येते. थैलीची आणि कातडीची शिवण वेगवेगळी घालतात. जाणत्या हाताला हे काम अवघड नाही. पण घरी दाढीच्या ब्लेडने गळा चिरून सुई-दोऱ्याने शिवणारे शूर आपल्याकडे आहेत. बधिर न करता केलेले ते हाल आहेत, आणि वर जखम चिघळते. एखादी कोंबडी त्यातून जगते. तिचीच गोष्ट गावभर होते, मेलेल्यांची होत नाही.

थैली आंबलेली असेल तर तेल नको. दाणा काही तास बंद, ताजे पाणी, कोरडी जागा आणि लौकर डॉक्टर. बुरशीवर औषध आहे, पण ते कोंबडीच्या वजनाप्रमाणे डॉक्टरनेच ठरवावे. इथे एक गोष्ट कोकणातल्या माणसाला मुद्दाम सांगतो. सुपारीच्या बागेत बोर्डो मिश्रण मारण्यासाठी मोरचूद बहुतेक घरांत असते. कोंबड्यांच्या बुरशीवर पाण्यातून मोरचूद देण्याची जुनी पद्धत होती, हे खरे. पण त्याचे माप इतके नाजूक की चिमूट-दोन चिमटीचा अंदाज विष ठरतो. डब्यातला मोरचूद बागेसाठीच राहू द्या. चमचाभर ताकाने बिघडत काही नाही, पण ते औषध आहे असे समजून दिवस घालवू नका.

दुकानातून आणलेल्या प्रतिजैविकाच्या पुडीबद्दलही हेच. बुरशी प्रतिजैविकाने मरत नाही, उलट फोफावते. शिवाय हा प्रश्न कोंबडीपुरता नाही. कोलिस्टिन हे माणसाच्या अखेरच्या उपचारांत लागणारे औषध पशुपालनात वारेमाप वापरले जात होते, म्हणून केंद्र सरकारने 2019 साली खाद्य प्राण्यांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. आज कोंबडीला विनाकारण पाजलेली पुडी उद्या आपल्या मुलाच्या न्यूमोनियावर औषध लागू न पडण्याचे कारण होऊ शकते. आरोग्याच्या सदरात कोंबडीविषयी लिहिण्याचे हेही एक कारण आहे. औषध चालू असलेल्या कोंबडीची अंडी आणि मांस किती दिवस खायचे नाही, हे डॉक्टरला विचारून घ्यावे.

लोंबत्या थैलीला कायमचा उपाय नाही. थोडे थोडे, दिवसातून तीन-चार वेळा मऊ खाणे दिले तर अशी कोंबडी बरेच दिवस काढते आणि अंडीही देते. पण तिची अंडी रवणीला ठेवू नका. वारंवार आंबू लागली तर तिला ठेवायचे की नाही, हा घरच्यांचा निर्णय. तेव्हा सुरीला माझा विरोध नाही. माझे म्हणणे एवढेच, की आधी ओळखावे आणि मग ठरवावे.

थैली हे दुखणे की खूण?

पुष्कळदा थैली भरलेली राहते ती दुसऱ्याच आजारामुळे. पोटात जंत माजले, पेटा अडला, अंडे आत अडकले, फवारलेले किंवा औषध लावलेले बियाणे खाल्ले, तरी थैली पुढे सरकत नाही. मॅरेक्स नावाच्या विषाणूच्या आजारात मज्जातंतू लुळे पडतात. तलंग एक पाय पुढे आणि एक मागे टाकून बसते आणि तिची थैलीही लुळी पडते.

सर्वांत भीती आहे ती राणीखेतची, जिला आपण मानमोडी म्हणतो. उत्तरेकडील राणीखेत गावात 1920 च्या दशकाच्या अखेरीस हा रोग ओळखला गेला, म्हणून हे नाव. यातही थैलीत पाणी साठते, चोचीतून लाळ गळते. पण बरोबर हिरवी पातळ विष्ठा, घरघर, लुळा पंख, वाकडी मान अशी लक्षणे असतात आणि दुखणे एका कोंबडीवर थांबत नाही. म्हणून नियम लक्षात ठेवा. एकच कोंबडी आजारी आणि बाकीच्या ठणठणीत, तर थैलीचा विचार करा. दोन-तीन एकदम बसल्या तर थैली चोळत बसू नका, साथ समजा. आजारी वेगळ्या करा, बाजारात विकू नका, मेलेल्या नदीत किंवा पऱ्यात टाकू नका, खोल पुरून वर चुना घाला आणि दवाखान्याला कळवा. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला सापडला, हे विसरून चालणार नाही. अचानक पुष्कळ कोंबड्या मेल्या तर त्या कापणे, सोलणे, खाणे हे तिन्ही वर्ज्य.

मानमोडीवर उपचार नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या डोळ्यात लासोटा लसीचा थेंब, आणि पुढे दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बी लस टोचून. अडचण अशी, की लसीची कुपी शंभर किंवा अधिक कोंबड्यांच्या मापाची असते आणि एकदा कालवली की ती दोन तासांत संपवावी लागते. आजीच्या आठ कोंबड्यांसाठी कुपी कोण फोडणार? पण वाडीतली पंधरा घरे एका सकाळी एकत्र आली तर शंभर कोंबड्या सहज होतात. बचत गट पापड-लोणची करतात, कर्ज देतात. वर्षातला एक दिवस लसीचा ठरवणे त्यांना अवघड नाही.

खडे, शिंपले आणि थोडी शिस्त

थैलीची निम्मी दुखणी टाळता येतात. कोंडून ठेवायचेच असेल तर खाली पेंढ्याऐवजी भाताचे तूस किंवा कोरडी माती घाला. जवळ कठीण, बारीक खड्यांची वाटी ठेवा. शास्त्री नदीची जाड वाळू धुऊन ठेवली तरी पुरे. पुष्कळजण म्हणतात, आम्ही तिसऱ्यांचे शिंपले कुटून घालतो की. जरूर घाला, अंड्याच्या कवचासाठी ते उत्तम. पण शिंपला पोटातल्या आम्लात विरघळतो, तो जात्याचे काम करीत नाही. खडे वेगळे आणि शिंपले वेगळे, दोन्ही हवेत. बरेच दिवसांनी कोंबड्या सोडताना आधी थोडा दाणा घालून मग सोडा, म्हणजे त्या अधाशासारख्या लांब गवतावर तुटून पडणार नाहीत. सुतळी, दोरे, प्लॅस्टिक परड्यात टाकू नका. कोंबड्या हाताळल्यावर साबणाने हात धुवा.

2019 च्या पशुगणनेत देशात परसातले पक्षी सुमारे 31 कोटी 70 लाख भरले, 2012 पेक्षा जवळजवळ 46 टक्के अधिक. म्हणजे परसातली कोंबडी मागे पडलेली नाही, ती वाढते आहे. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, शिवाय पिल्ले काढते. हा पैसा घरात बहुतेक वेळा बाईच्या हातात राहतो. मुलाची वही, एस्टीचे भाडे, औषधाची गोळी त्यातून होते. तरीही एका दवाखान्यात कोंबडी घेऊन गेलेल्या बाईला "हिला काय औषध करायचे, रस्सा करा" असे हसून सांगितल्याचे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. माझ्या व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे की, असे हसू नका. ज्या बाईला आज हसून परत पाठवाल, ती उद्या साथ आली तरी कळवायला येणार नाही. आणि वाचकांनाही सांगतो की, दवाखान्यात कोंबडी नेण्यात लाज नाही. 1962 या निःशुल्क क्रमांकावर पशुवैद्यकीय मदतीसाठी फोन करता येतो, तिथे कोंबडीचेही सांगा. मागणीच नसेल तर सोय कुठून होणार?

आता आजीच्या कोंबडीचे. तेल-पाणी आणि चोळणे दाखवून मी तिला घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निरोप आला, थैली निम्मी झाली. तिसऱ्या सकाळी ती रिकामी होती आणि कोंबडी पेजेच्या वाटीवर तुटून पडत होती. आठवड्याने आजी बाजारात भेटली तेव्हा मी चौकशी केली. ती म्हणाली, "बरी हाय. आता सूनच रोज सकाली सगल्यांचे गले चाचपते."

औषधापेक्षा मला हेच अधिक मोलाचे वाटते. खुराडे उघडताना प्रत्येक कोंबडीच्या गळ्याखाली एकदा हात फिरवायला दोन मिनिटे लागतात. उद्या सकाळी करून पाहा.